न्यूटची बॅग पुन्हा उघडा : 'फँटॅस्टिक बीस्ट्स'च्या कर्त्यांना खुले पत्र

प्रति,
वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ,
तसेच 'फँटॅस्टिक बीस्ट्स' चित्रपटमालेच्या पटकथालेखिका, दिग्दर्शक आणि निर्माते यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण आपले जादूचे जग मला पहिल्यांदा भेटले ते मराठीत. सातवीच्या उन्हाळी सुटीत साताऱ्याच्या वाचनालयातून मी 'हॅरी पॉटर आणि परीस' घरी आणले, आणि दोन दिवसांत संपवून परत करायला गेले तेव्हा ग्रंथपालबाईंचा विश्वास बसेना. मूळ नावातल्या त्या दगडाला अनुवादात 'परीस' हा शब्द मिळाला होता, आणि लोखंडाचे सोने करणारा परीस आम्हांला अभंगांतून आणि आजीच्या बोलण्यातून आधीपासूनच ठाऊक होता. त्यामुळे ते पुस्तक परक्या देशातले असूनही नावापासूनच घरचे वाटले. पुढची पुस्तके मी आधी मराठीत आणि मग, धीर चेपल्यावर, इंग्रजीत वाचली. २०११ साली आठवा चित्रपट आला आणि आता सारे संपले, असे मनाशी म्हटले. म्हणून त्याच जगातला, पण हॅरी नसलेला एक चित्रपट येणार, असे कळले तेव्हा आनंदाइतकीच धास्तीही वाटली होती. त्या चित्रपटाविषयी आणि त्यानंतर जे झाले त्याविषयी मला आपल्याशी मनापासून बोलायचे आहे.

'फँटॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम' १८ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. आमच्याकडे त्याच्या दहाच दिवस आधी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्याचे जाहीर झाले होते. माझे बाबा बँकेत रोखपाल होते. त्या दिवसांत खिडकीपुढची रांग संध्याकाळी संपली तरी मोजणी आणि ताळमेळ रात्री उशिरापर्यंत चाले, आणि फोनवर ते दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नसत. पहिली धड सुटी मिळाली तेव्हा ते मला भेटायला पुण्याला आले आणि म्हणाले, "तुझा तो जादूचा सिनेमा लागलाय म्हणे, चल." त्यांनी हॅरी पॉटरचे एक पानही वाचलेले नव्हते. आपण शेजारी बसून सतत समजावून सांगावे लागणार, अशी मला खात्री होती.

एक शब्दही सांगावा लागला नाही. जेकब कोवाल्स्की हा डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यातला कामगार आजीच्या कृतीने केलेली गोड पावबिस्किटे बॅगेत भरून बँकेत बेकरीसाठी कर्ज मागायला येतो, तिथेच बाबा खुर्चीत पुढे सरकले. मॅनेजर त्याला सांगतो की आता तासाला शेकडो डोनट करणारी यंत्रे आली आहेत, आणि मग विचारतो की बँकेने तारण म्हणून काय ठेवून घ्यायचे. बाबा हळूच म्हणाले, "बरोबर आहे. तारणाशिवाय कुठला मॅनेजर कर्ज देईल?" त्याच बँकेत चमकत्या वस्तू पळवणारा निफ्लर हा पशू सुटला, तिजोरीच्या दारातून आत शिरला आणि नाणी पोटाच्या पिशवीत कोंबू लागला, तेव्हा त्या महिन्यात पहिल्यांदाच मी बाबांना मोठ्याने हसताना ऐकले. आणि शेवटी बॅगेत जादूचे पशू बाळगणारा नायक न्यूट जेकबकडे ऑकमी या पशूच्या अंड्यांची चांदीची टरफले पाठवतो, सोबतच्या चिठ्ठीत ती बेकरीसाठी तारण म्हणून वापरावीत असे लिहितो, तेव्हा बाबांनी माझ्या हातावर थाप मारली आणि म्हणाले, "हं, आता तारण झालं."

सात पुस्तके आणि आठ चित्रपट पाठ असलेली मी आणि त्यातले काहीच न वाचलेले बाबा, असे दोघे त्या अंधारात एकाच वेळी, एकाच गोष्टीत शिरू शकलो. आपण एका जुन्या जगात नवे दालन उघडले आणि ते उघडताना जुन्या रहिवाशांना खाली मान घालायला लावली नाही, की नव्या पाहुण्याला उंबऱ्याबाहेर उभे केले नाही. हे फार अवघड काम आहे आणि ते त्या चित्रपटाला साधले होते. ते कसे साधले, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

मुळात २००१ साली 'कॉमिक रिलीफ' या संस्थेच्या मदतीसाठी आलेले ते चिमुकले पुस्तक म्हणजे प्राण्यांची सूची होती. न्यूट स्कमँडर या नावाने लिहिलेली, समासात हॅरी आणि रॉनने खरडलेल्या शेऱ्यांसकट. त्यात गोष्ट नव्हती, आणि माझ्या मते तेच चित्रपटाचे भाग्य ठरले. कोणाचा बाप कोण, कोणती भविष्यवाणी खरी होणार, याचे ओझे नव्हते. एक संकोची माणूस होता, जो समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू शकत नाही पण पशूपुढे गुडघ्यावर बसला की त्याचे सगळे अंग बोलू लागते, आणि एक बॅग होती, जिची एक कडी सारखी निसटते. एडी रेडमेनने मान तिरकी करून, खांदे आखडून उभा केलेला न्यूट हा हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतल्या हफलपफ गटातून आलेला नायक आहे आणि तो कोणाचा निवडलेला तारणहार नाही, ही गोष्ट मला आजही मोलाची वाटते.

त्या बॅगेत जेकब पहिल्यांदा उतरतो तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेन, याची मोजदाद नाही. लाकडी शिडी, औषधांच्या बाटल्यांनी आणि कागदांनी भरलेली खोपटासारखी खोली, आणि तिचे दार उघडले की एकीकडे वाळवंट, जिथे इजिप्तमध्ये चोरट्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेला फ्रँक हा थंडरबर्ड बसला आहे, तर दुसरीकडे चांदण्यातली टेकडी. ग्राफॉर्नची जगात उरलेली शेवटची जोडी तिथे आहे. चंद्रप्रकाशात मान उंचावणाऱ्या मूनकाफांना न्यूट मूठभर दाणे टाकतो आणि ते दाणे खाली न पडता हवेतच थांबतात. मग तो बादली जेकबच्या हातात देऊन निघून जातो. कसलेही स्पष्टीकरण नाही, कोणते भाषण नाही. बेकरीवाला होऊ पाहणारा माणूस बादली घेऊन जनावरांना खाऊ घालू लागतो आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते सातवीतल्या माझ्या चेहऱ्यावर उमटले असणार. डॅन फोगलर यांचे त्या एका प्रसंगातले काम पाहताना मला कोणताही मंत्र किंवा छडी आठवत नाही.

जग वाढवण्याची दुसरी रीत आपण अमेरिकेत दाखवली. आम्हांला ठाऊक असलेल्या इंग्लंडातल्या जादूच्या दुनियेत मगलांपासून, म्हणजे जादू नसलेल्या माणसांपासून, लपून राहण्याची शिस्त होती, पण तिच्यात एक ढिलाई होती; रॉनचे वडील आर्थर वीझली यांच्यासारखा माणूस त्यांच्या प्लगांचा छंद जोपासू शकत होता. १९२६ च्या न्यूयॉर्कमध्ये मात्र १७९० पासूनचा रॅपापोर्ट कायदा आहे, नो-मॅजशी (मगलांचे तिथले नाव) लग्न तर सोडाच पण मैत्रीदेखील गुन्हा आहे, आणि वूलवर्थ इमारतीत दडलेल्या मकूसाच्या, म्हणजे अमेरिकी जादूगारांच्या सरकारच्या, दालनात धोक्याची पातळी दाखवणारे घड्याळ टांगलेले आहे. ती इमारत १९१३ साली पुरी झाली आणि १९३० पर्यंत जगात सर्वांत उंच होती. म्हणजे ज्या इमारतीकडे सगळ्या शहराचे डोळे लागलेले होते तिच्याच पोटात आपण सगळ्यात मोठे गुपित ठेवलेत. जादूगारांचा द्वेष करणाऱ्या मेरी लू बेअरबोनच्या टोळीला 'सेकंड सेलम' हे नाव देऊन आपण १६९२ साली सेलममध्ये सुरू झालेल्या चेटकाच्या त्या खटल्यांची आठवण जागी केली, ज्यांत १९ जणांना फाशी दिले गेले होते. देश बदलला म्हणून भीती बदलली आणि भीती बदलली म्हणून कायदा बदलला. क्वीनी ही जादूगारीण आणि जेकब यांनी एकमेकांकडे नुसते पाहिले तरी जीव टांगणीला लागतो, तो या पायाभरणीमुळे.

आणि ऑब्स्क्युरस. ज्या मुलाला मारझोडीने स्वतःची जादू गिळायला भाग पाडले जाते त्याच्या आत ती कुजते आणि काळ्या वादळासारखी फुटते, ही कल्पना पडद्यावर आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण अशी एक मुलगी आम्ही आधी पाहिलेली होती. शेवटच्या पुस्तकात हॉगवर्ट्सचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांच्या सहा वर्षांच्या बहिणीवर, अरियानावर, तीन मगल मुलांनी हल्ला केला आणि तिची जादू आतल्या आत वळली, एवढेच आम्हांला सांगितले गेले होते. तिच्या दुखण्याला नाव नव्हते. चित्रपटाने अरियानाचा उच्चारसुद्धा केला नाही. न्यूयॉर्कमधल्या एका अनाथ मुलाची गोष्ट सांगितली आणि तिच्या उजेडात आमची आम्हांला ती जुनी गोष्ट नव्याने दिसली. बाबांना यातले काही ठाऊक नव्हते, तरी तो मुलगा, क्रेडेन्स, स्वतःच्या हाताने कमरेचा पट्टा काढून मेरी लूच्या हातात देतो तेव्हा त्यांनी तोंड फिरवले होते. ज्याला ठाऊक आहे त्याला दोन गोष्टी मिळाल्या, ज्याला ठाऊक नाही त्यालाही एक पुरी गोष्ट मिळाली. याहून चांगला विस्तार मी कोणत्याही चित्रपटमालेत पाहिलेला नाही.

जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या संगीताचेही तसेच. सुरुवातीला जॉन विल्यम्स यांच्या ओळखीच्या धुनेचे काही स्वर वाजतात, थिएटरमध्ये कुजबूज होते, आणि पुढच्याच क्षणी संगीत आपल्या नव्या वाटेने निघून जाते. कोलीन ॲटवुड यांच्या वेशभूषेला ऑस्कर मिळाला, आणि या जादूच्या दुनियेतल्या चित्रपटांना मिळालेला तो पहिलाच ऑस्कर होता, याचा मला आजही अभिमान आहे. न्यूटचा मोरपंखी निळा कोट त्या तपकिरी, राखाडी शहरात जसा उठून दिसतो तसाच तो मनातही राहतो.

पहिला चित्रपट निर्दोष होता असे मी म्हणत नाही. वृत्तपत्रमालक शॉ आणि त्यांची मुले यांचा धागा अर्धवट सुटला. कॉलिन फॅरल यांनी उभा केलेला पर्सिव्हल ग्रेव्हज हा धूर्त, मृदू आवाजाचा अधिकारी शेवटच्या काही मिनिटांत मुखवटा ठरून नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी जॉनी डेप यांचा ग्रिंडेलवाल्ड हा दुष्ट जादूगार आला, तेव्हा चांगल्या घडवलेल्या एका पात्राचा बळी गेल्यासारखे वाटले. पुढच्या सगळ्या चुकांचे बी, माझ्या मते, त्याच क्षणी पेरले गेले: जो कोणी नव्हता त्याला 'अमुक कोणीतरी' करून टाकण्याची घाई.

कारण २०१८ च्या नोव्हेंबरात 'द क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड' आला, तेव्हा बाबा हौसेने पुन्हा माझ्यासोबत आले, आणि या वेळी पहिल्या अर्ध्या तासापासून त्यांनी मला विचारायला सुरुवात केली, "हा कोण? तो हिचा कोण लागतो?" पॅरिसच्या दफनभूमीत लेटा लेस्ट्रेंज आपल्या भावाची, जहाजावर बदललेल्या बाळाची, वडिलांची आणि त्यांच्या आधीच्या बायकोची हकिगत सांगते त्या ठिकाणी मी बाबांना काहीच उत्तर देऊ शकले नाही, कारण माझ्याही ते ध्यानात येत नव्हते. चित्रपटाचा कळस एखाद्या इस्टेटीच्या वादातल्या वारसनोंदीसारखा वाचून दाखवला जात होता. आणि अखेरीस क्रेडेन्सला सांगण्यात आले की तू ऑरेलियस डम्बलडोर आहेस.

क्रेडेन्सविषयी मला आपल्याशी जरा स्पष्टच बोलायचे आहे. पहिल्या चित्रपटात त्याच्या दुःखाची धार यातच होती की तो कोणाचाही नव्हता. त्याला जवळ घेणारा ग्रेव्हजही त्याला वापरून घेत होता. भुयारी रेल्वेच्या फलाटावर न्यूट त्याच्याशी हलक्या आवाजात बोलतो आणि त्या काळ्या वादळात मुलाचा चेहरा दिसू लागतो, तेव्हा न्यूटला त्याचे आडनाव माहीत असण्याची गरज नव्हती. त्याला प्रसिद्ध घराण्याचा वारस केल्यावर ती हाक कुठे राहिली? तीन वर्षांहून अधिक काळ आम्ही जुन्या पुस्तकांतली पाने उलटून हे कसे शक्य आहे ते जुळवत बसलो, आणि २०२२ मध्ये तिसऱ्या चित्रपटाने तो डम्बलडोरच्या भावाचा, ॲबरफोर्थचा, मुलगा असल्याचे सांगून हिशेब बदलला. पण तोवर माझ्या मनातला तो फलाटावरचा मुलगा हरवला होता.

मिनर्व्हा मॅगोनगल यांचे उदाहरण लहान आहे, पण मनाला लागलेले आहे. पाचव्या पुस्तकात हॉगवर्ट्समधल्या या शिक्षिका तपासणीला आलेल्या अम्ब्रिजला ठणकावून सांगतात की या डिसेंबरात आपल्याला हॉगवर्ट्समध्ये शिकवू लागून ३९ वर्षे होतील. तो प्रसंग १९९५ मधला आहे. आपल्या चित्रपटात त्या १९२७ मध्ये, आणि त्याच्याही मागच्या काळात, तिथेच शिकवताना दिसतात. एका क्षणाच्या टाळीसाठी ओळखीचा चेहरा आणला गेला आणि त्यासाठी वाचकांनी जपलेले एक वाक्य खोटे पाडले गेले. ज्यांनी ती ओळ लक्षात ठेवली होती त्यांनाच खूश करण्यासाठी हे केले असेल, तर ती ओळ आपणही एकदा पाहून घ्यायला हवी होती.

पुढे खलनायक व्होल्डेमॉर्टची सर्पीण होणाऱ्या नागिनीविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे आपण आमच्या अंगणात आला होता. तिचे नावच आमच्या भाषांतले आहे. माझे आजोळ सांगली जिल्ह्यात, शिराळ्याच्या बाजूला. नागपंचमीला वारुळापाशी लाह्या-दूध ठेवणाऱ्या, नागाला भाऊ मानून त्याच्यासाठी उपवास धरणाऱ्या आणि त्या दिवशी चिरणे-कापणे वर्ज्य करणाऱ्या बायकांत मी लहानाची मोठी झाले. बाईची नागीण आणि नागिणीची बाई होणे हे आमच्या कहाण्यांना आणि सिनेमांना नवे नाही. सर्कशीच्या पिंजऱ्यात उभी असलेली, इंडोनेशियाच्या जंगलातून धरून आणलेली, रक्तातल्या शापामुळे एक दिवस कायमची सर्पीण होणार असलेली ती तरुणी पडद्यावर आली तेव्हा मी श्वास रोखून बसले. सातव्या पुस्तकात नेव्हिलने जिचे मुंडके उडवले तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ती एके काळी बाई होती! एवढी मोठी, एवढी वेदनादायक गोष्ट सांगायला घेतल्यावर तिला तिचे गाव, तिची भाषा, तिची आई, काहीतरी द्यायला हवे होते. आपण तिला मोजकी वाक्ये दिली आणि क्रेडेन्सच्या मागे उभे केले. तिसऱ्या चित्रपटात ती नाहीच. ती कुठे गेली याचा कोणी साधा उल्लेखही करत नाही. दुसऱ्यांच्या देवघरातली वस्तू उचलून आणली तर ती निदान नीट जागेवर ठेवावी, अशी आमच्याकडे अपेक्षा असते.

आणि जेकब. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस फ्रँकने पाडलेल्या पावसात सारे शहर विसरणार असते, आणि जेकब स्वतःच्या पायांनी भुयारी रेल्वेच्या पायऱ्या चढून त्या पावसात जातो. आपण इथे असायलाच नको होतो, असे तो म्हणतो, रडत नाही, कोणाला दोष देत नाही. क्वीनी छडीची छत्री करून त्याच्यापाशी जाते, आणि मग तो एकटाच ओलाचिंब उभा असतो. तीन महिन्यांनी त्याच्या बेकरीत निफ्लरच्या आणि इरम्पंटच्या आकाराचे पाव मांडलेले असतात. कल्पना कुठून सुचतात, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. दार उघडते, क्वीनी आत येते आणि त्याचा हात मानेवरच्या चाव्याच्या खुणेकडे जातो. चित्रपट तिथे थांबतो. त्या पावसाची किंमत दुसऱ्या चित्रपटाने एका वाक्यात रद्द केली: त्या पावसातल्या औषधाने फक्त वाईट आठवणी जातात, आणि त्याच्याकडे वाईट आठवणी नव्हत्याच. जेकब परत आला याचा मला आनंदच झाला असता, पण त्याने जे सोडले होते ते त्याला पायरीपायरीने परत मिळताना पाहायला मी दोन वर्षे थांबले होते.

तिसरा चित्रपट, 'द सीक्रेट्स ऑफ डम्बलडोर', मी एकटीने पाहिला. त्यात चिलिन हा कोवळा पशू निर्मळ मनाच्या माणसापुढे वाकतो, तिथे मूळ चित्रपटाची धुगधुगी पुन्हा जाणवली. मॅड्स मिकेल्सन यांचा थंड, सभ्य ग्रिंडेलवाल्ड मला आवडला. पण क्वीनीची बहीण टीना जवळजवळ नाहीच, आणि ज्या भूतानमध्ये कळस घडतो तिथला लक्षात राहील असा एकही जादूगार मला आठवत नाही. भूतान आमचा शेजारी आहे. तिथे डोंगर आहेत तशी माणसेही आहेत.

जगभरातल्या कमाईचे आकडे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक नेमके माहीत असणार: पहिल्याला सुमारे ८१ कोटी डॉलर, दुसऱ्याला ६५ कोटी, तिसऱ्याला ४० कोटींच्या आसपास. मधल्या काळात कोरोनाची साथ आली, ग्रिंडेलवाल्डचा नट बदलला, हे सारे मला ठाऊक आहे. तरी बाबा तिसऱ्या चित्रपटाला आले नाहीत, यामागे साथ नव्हती. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "नको, मला त्यातलं आता कळत नाही." पहिल्या दिवशी ज्याला सगळे कळले होते त्या माणसाचे हे शब्द मी आपल्यापर्यंत पोचवत आहे, कारण असे बाबा पुष्कळ घरांत असतील.

आता विनंतीकडे येते. २०१६ साली आपण पाच चित्रपटांची घोषणा केली होती आणि गोष्ट १९२६ पासून १९४५ पर्यंत जाईल, असे सांगितले होते. १९४५ हे साल आम्हांला पहिल्याच पुस्तकापासून पाठ आहे. चॉकलेट फ्रॉगच्या कार्डावर डम्बलडोरने ग्रिंडेलवाल्डचा पराभव केल्याचे ते साल हॅरी वाचतो. तीन चित्रपटांनंतर ती गोष्ट १९३० च्या दशकातच थबकली आहे. उरलेले दोन चित्रपट होणार नसतील, तर ते दुःख मी समजून घेईन. परंतु तिन्ही चित्रपटांच्या पटकथा आपण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या होत्या. त्याच रीतीने उरलेली गोष्टही पुस्तकात सांगता येईल. त्यासाठी सेट उभारावे लागणार नाहीत. सुरू केलेली गोष्ट मध्येच सोडून उठू नये, एवढेच मागणे आहे.

आपण सध्या मूळ सात पुस्तकांवर मालिका करत आहात. २०२३ मध्ये तिची घोषणा झाली आणि २०२५ मध्ये चित्रीकरण सुरू झाले, हे आम्ही उत्सुकतेने वाचले आहे. ती मी पाहीनच. पण ज्या वर्षी मालिकेची घोषणा झाली त्याच वर्षी 'हॉगवर्ट्स लेगसी' हा आपला व्हिडिओ गेम आला, ज्यात १८९० च्या दशकातला एक निनावी विद्यार्थी आहे, ना पॉटर, ना डम्बलडोर. त्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. अनोळखी माणसाच्या मागोमाग या जगात शिरायला लोक तयार आहेत, याची याहून मोठी खूण आपल्याला हवी आहे का? पुढे कधी पुन्हा या दुनियेत नवा चित्रपट करावासा वाटला, तर कृपा करून वंशवृक्षाचा कागद मिटून ठेवा आणि न्यूटची बॅग उघडा. एखादा परवाना-कारकून, एखादी सुईण, गोदीवर पेट्या उतरवणारा एखादा हमाल घ्या, ज्याचे आडनाव जुन्या पुस्तकांत कुठेही नाही. आमच्या बाजूला यायचे झाले तर अवश्य या. हॅरीबरोबर शिकणाऱ्या पार्वती आणि पद्मा पाटील यांच्या घरी सणाला काय शिजते, कोणती भाषा बोलली जाते, हे आम्ही इतकी वर्षे आपापल्या परीने कल्पिलेलेच आहे; फक्त येण्याआधी विचारा, आणि आल्यावर थोडे थांबा.

बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना मी तिसऱ्या चित्रपटाचा शेवट सांगितला: बेकरीत जेकब आणि क्वीनीचे लग्न होते आणि डम्बलडोर बाहेर बर्फात एकटाच निघून जातो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "आणि ते कर्ज? चांदीची टरफलं सोडवून घेतली का त्यानं?" मला उत्तर देता आले नाही. आपल्याला ठाऊक असेल तर कळवावे, त्यांना मी सांगेन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
साताऱ्याची एक वाचक आणि प्रेक्षक